पेढ्यांखालची नोट

टिप कशी द्यावी हे आपल्याकडून शिकावं, असं बिद्रीच्या दादासोंचं ठाम मत होतं. घेणाऱ्याला लाज वाटता कामा नये आणि शेजारच्याला दिसता कामा नये, एवढंच त्यातलं शास्त्र.

त्यांच्या आईचं, म्हणजे आक्कांचं, खुब्याचं ऑपरेशन होऊन कोल्हापुरातल्या दवाखान्यात पंधरा दिवस झाले होते. त्या दिवसांत वॉर्डातल्या मावशींनी आक्कांना न्हाऊ घातलं, वेणी घातली, हाताला धरून पहिलं पाऊल टाकायला लावलं. आक्का रडायला लागल्या, की दोन शिव्या हासडून हसवलं. घरी जाताना मावशींना काहीतरी द्यायलाच हवं होतं. पण भिंतीवर ही एवढी पाटी : 'बक्षिसी घेणाऱ्या कर्मचाऱ्यास कामावरून कमी केले जाईल.'

दादासोंनी पेढ्यांचे दोन बॉक्स आणले. मावशींच्या बॉक्समध्ये कागदाखाली पाचशेची नोट सरकवली. दुसरा बॉक्स डॉक्टर आदिती मॅडमना. दोन्ही देऊन झाले आणि पाचच मिनिटांत मॅडमचं बोलावणं आलं.

टेबलावर पेढे. पेढ्यांशेजारी तुपकट झालेली नोट.

"दादासो, हे काय आहे?"

खरं सांगावं तर मावशींची नोकरी जाणार.

"मॅडम, ते... तुमालाच हाय."

"मला? पाचशे रुपये टिप?"

"ऑपरेशन झकास झालं की. असू दे चहापाण्याला."

तेवढ्यात दारातून मावशी म्हणाल्या, "मॅडम, ते माझं हाय. ह्यांनी बॉक्स अदलाबदल केल्यात. सकाळधरनं खिसा चाचपत माझ्या मागं फिरत्यात, मला काय कळत न्हाय व्हय? मी पैसं घेणार न्हवतोच. पेढं तेवढं खाल्लं."

मॅडमना हसू आवरेना. त्यांनी नोट परत केली आणि कपाटातली एक जाड वही दादासोंपुढे ठेवली.

"आभार इथं लिहा. मावशी कंत्राटावर आहेत. कुणाला कायम करायचं ते पुढच्या महिन्यात ठरेल, तेव्हा ही वही वाचली जाईल."

दादासो लिहायला बसले. आईचं पहिलं पाऊल आलं तिथं त्यांचे डोळे भरले, चष्मा पुसून ते पुन्हा लिहीत सुटले. पान भरत आलं. 'हे सारे ज्यांच्यामुळे झाले त्या' एवढं लिहिलं आणि पेन अडलं. पंधरा दिवस नुसतं मावशी, मावशी.

"का थांबलासा?" मावशींनी विचारलं.

"मावशी, तुमचं नाव काय वो?"

दारात चाकाच्या खुर्चीवर आक्का येऊन बसल्या होत्या. त्यांनी लेकाकडे असं बघितलं, की तो शाळकरी पोरासारखा आखडला.

"तानाबाई. कोडोलीची हाय ती. मी पयल्याच दिशी इचारलतं. लिव आता."

दादासोंनी मान खाली घालून नाव लिहिलं. जरा मोठ्या अक्षरात.