वास आला का, वयनी?

एसीचा डक्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाने पिशवीतून आधी काय काढावं? बॅटरी काढावी, पक्कड काढावी. यासीनभाईंनी काढला एक काळाकुट्ट तवा. मग वर्तमानपत्रात गुंडाळलेले चार सुके बोंबील काढले आणि मला अगदी अदबीने विचारलं, "वयनी, गॅस कुठं हाय?"

मी नाशिकची. आमच्याकडे अंडं खायचं तर बाहेर खातात, आणि घरी येताना तोंडात बडीशेप टाकतात. मला वाटलं, सकाळपासून उपाशी असेल बिचारा. म्हटलं, "बसा ना, पोहे टाकते."

"पोहे नको," ते म्हणाले. "पोह्याला वास नाय."

मी मुकाट्याने गॅसकडे बोट दाखवलं.

यासीनभाई मूळचे रत्नागिरीकडचे. वय साठीला टेकलेलं, आणि त्यातली बत्तीस वर्षं दोह्यात, लोकांच्या छतात डोकं खुपसून गेलेली. त्यांना आमच्या घरमालकांनी पाठवलं होतं. मालक भला माणूस, पण दुरुस्तीचं नाव काढलं की 'इन्शाल्ला' म्हणून फोन ठेवायचा. या वेळी मात्र मी फोन ठेवू दिला नाही, कारण गोष्ट तन्वीच्या खोकल्याची होती.

तन्वी आमची आठ वर्षांची मुलगी. अल दुहैलमधला आमचा व्हिला तिच्यापेक्षा किती जुना आहे ते मालकालाही आठवत नाही. एसीचे पत्र्याचे डक्ट त्याच वयाचे. एसी लावला की पोरगी रात्रभर खोकायची, आणि इथे उन्हाळ्यात एसी बंद ठेवणं म्हणजे भट्टीत झोपणं. डॉक्टर म्हणाले, घरातली धूळ थांबवा, नाहीतर मुलीची जागा बदला. दुसरं घर आमच्या ऐपतीत मिळेना. शेवटी मी आणि माझ्या नवऱ्याने, मंदारने, ठरवलं की मे संपेपर्यंत खोकला थांबला नाही, तर मी तन्वीला घेऊन नाशिकला जायचं आणि तिला जूनमध्ये तिथल्या शाळेत घालायचं. मंदारने इथे एकट्याने राहायचं. ठरवलं म्हणजे काय, मी बोलले आणि तो खिडकीबाहेर बघत राहिला.

हे सगळं मी यासीनभाईंना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. मला पोटात काही ठेवता येत नाही. ते तवा हातात घेऊन ऐकत होते.

"घर फोडू नका वयनी," ते म्हणाले. "बत्तीस वर्षां मी हिकडं, घरवाली तिकडं. कसा असतां, मना विचारा."

मग त्यांनी मला एसी समजावून सांगितला. एसी थंड हवा सोडतो आणि खोलीतली हवा परत ओढून घेतो. सोडणारा डक्ट फाटला तर नुसता थंडावा वाया जातो. पण ओढणारा फाटला, तर फॉल्स सीलिंगवर साठलेली सगळी माती तो ओढतो आणि खोलीत आणून ओततो. "हवेला लाज नाय. भोक दिसला की घुसली."

तेव्हा बोंबील भाजायचा, धुरकट तवा शिडीवरून सीलिंगच्या वर धरायचा आणि एसी लावायचा. बोंबलाचा वास खालच्या खोलीत आला, की डक्ट तिथे कुठेतरी फाटलाय. इतपत मला समजलं. पुढचं समजेना.

"वास आला का, वयनी?" शिडीवरून आवाज.

"आला." न येऊन सांगतो कुणाला!

"किती आला?"

"किती म्हणजे?"

"एक बोंबील का अर्धा?"

शाळेत किलो-लिटर शिकले, बोंबील शिकले नव्हते. तरी अंदाजाने म्हटलं, "अर्धा असेल." छतातून ब्रश फिरल्याचा आवाज आला. जुनी टेप खरवडायची आणि सांध्यावर खिरीसारखा दाट राखाडी लेप फासायचा, ही त्यांची पद्धत. नुसत्या टेपवर त्यांचा भारी राग. टेप म्हणजे जखमेवर कागद चिकटवणं, असं ते म्हणायचे. लेप वाळला की दुसऱ्या दिवशी पुन्हा बोंबील.

तन्वी शाळेतून आली आणि दारातच थांबली. "मम्मा, व्हाय डज अवर हाउस स्मेल लाइक अ‍ॅन अ‍ॅक्वेरियम?" मंदार संध्याकाळी आला तर मी त्याला म्हटलं, "आज हॉलमध्ये पाऊण बोंबील होता." त्याने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

मी यासीनभाईंना एकदा विचारलं, "तुम्हीच खाली येऊन वास का नाही घेत?"

"आमच्या नाकाचा काय खरा नाय. आमाला बोंबील म्हंजे वास वाटतच नाय, जेवण वाटतां. ह्याला शाकाहारी नाक पायजे."

मला हे पटलं. खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला. नाकाचं कौतुक माझ्या वाट्याला प्रथमच आलं होतं.

बाकी माणूस कोड्यात टाकणारा. एकदा दूध नासलेलं मला कळलं नाही आणि त्यांना चहा दिला. मी स्वतः एक घोट घेतला आणि बेसिनकडे धावले. परत येते तर त्यांचा कप रिकामा. "चा झकास झाला," म्हणाले. दुसऱ्या दिवशी तव्यावरच्या बोंबलाचा कोळसा झाला, मी हॉलमधून ओरडतेय, आणि हे तव्याशेजारी उभे राहून शांतपणे ब्रश धुताहेत. मला वाटलं, कानाने कमी ऐकू येतं. म्हणून मी त्यांच्याशी मोठ्याने बोलायला लागले. ते बिचारे मागे सरकून ऐकायचे.

आणि ती पुडी. जाताना दर वेळी शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढायचे. आत लाल मसाला. माझ्यापुढे धरून म्हणायचे, "ह्याचा वास घेऊन सांगा, कसा हाय?"

मंदार म्हणाला, विकायचा असेल. पण भाव कधी सांगितला नाही. मी आपली हुंगायचे आणि म्हणायचे, "छान आहे."

"छान म्हंजे कसा?"

"म्हणजे... खमंग."

मग ते पेन काढायचे आणि तळहातावर 'खमंग' असं लिहून निघून जायचे. दारात उभी राहून मी विचार करायचे, की यातला नक्की कोण वेडा.

तिसऱ्या आठवड्यात मात्र माझा धीर सुटला. पडद्यांना बोंबील, उशांना बोंबील, देवघरातल्या कापसाच्या वातींना बोंबील. त्या संध्याकाळी अल सद्दहून आमच्या मंडळाच्या बायका हळदीकुंकवाला येणार होत्या, आणि हे दुपारी बारा वाजता तन्वीच्या खोलीवर तवा धरून उभे.

"वास आला का, वयनी?"

आला होता. बारीकसा, पाव बोंबील. पण पाव म्हटलं असतं तर आणखी दोन दिवस गेले असते. मी म्हटलं, "नाही आला."

"पाव पण नाय?"

"नाही हो."

"नक्की ना?"

"किती वेळा सांगू, यासीनभाई?"

"खलास," ते म्हणाले. खाली उतरले, सीलिंग बंद केलं, पुडी हुंगवली, तळहातावर लिहिलं आणि गेले. मी घरभर उदबत्त्या लावल्या. बायका आल्या आणि म्हणाल्या, कित्ती प्रसन्न वाटतंय तुझ्याकडे.

आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी तन्वी पुन्हा खोकायला लागली. सकाळी मंदार मोबाईलवर नाशिकच्या विमानाची तिकिटं बघत बसला होता. तिकिटं दोन होती.

मी यासीनभाईंना बोलावून घेतलं आणि दारातच फैलावर घेतलं. आपलीच चूक असली की माझा आवाज चढतो, हे मंदार तुम्हाला सांगेल. "बत्तीस वर्षांचा अनुभव ना तुमचा? वरती तवा तुमच्या हातात होता, मग खाली येऊन एकदा बघायचं नाही? मी नाही म्हटलं म्हणून बंद करून टाकलंत? तुम्हाला स्वतःला वास येत नव्हता का?"

ते हातातली शिडी उभी करून तिच्या खालच्या पायरीवर बसले.

"नाय येत," ते म्हणाले.

मला कळेना. "म्हणजे?"

"कसलाच नाय येत. मागं ती साथ आली, तेव्हा सुट्टीत गावाला होतो. घरभर ताप. ताप गेला आणि नाक पण घेऊन गेला. पाच वर्षां झाली. आधी मी नुसता नाक लावून सांगायचो, कुठला सांधा फुटलाय. आता बोंबील आणि लोकांची नाकां. कुणाला सांगितला नाय वयनी. कोण काम देणार?"

मला नासका चहा आठवला, कोळसा झालेला बोंबील आठवला. हा माणूस तीन आठवडे माझ्या नाकावर विसंबून माझं घर वाचवत होता, आणि मी चार बायका येणार म्हणून खोटं बोलले होते.

"यासीनभाई, त्या दिवशी पाव बोंबील येत होता," मी म्हटलं. "मीच नाही म्हणाले."

मला वाटलं, चिडतील. चिडायला हवं होतं. ते उठले आणि तवा काढला. "पाव म्हंजे लय झाला," एवढंच म्हणाले.

मग मी हलले नाही. तन्वीच्या खोलीत एसीच्या जाळीखाली खुर्ची टाकून बसले, पदर नाकाला न लावता. पाव. थोडं डावीकडे, पाव. भिंतीकडे सरका, अर्धा. तुळईच्या मागे, यासीनभाई, एक, पुरता एक! तिथे टेप वाळून पापडासारखी सुटली होती आणि सांध्यात माझा पंजा जाईल एवढी फट होती. फटीच्या कडेला मातीचा थर. त्यांनी तो खरवडला, पत्रा बसवला, लेप फासला. लेप वाळल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा चार बोंबील भाजले.

"वास आला का, वयनी?"

मी डोळे मिटून श्वास घेतला. "नाही."

ते वर तवा होता तिथेच धरून उभे.

"तन्वीच्या शपथेवर सांगते. नाही आला."

तेव्हा कुठे ते उतरले. आणखी दहा दिवस खोकल्याशिवाय गेले आणि मंदारने मोबाईलवरचं ते तिकिटांचं पान बंद केलं. शेवटचं एकदा बघून जायला यासीनभाई आले, तेव्हा मी त्यांना स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलं आणि चहा टाकला. दूध आधी हुंगून घेतलं.

त्यांनी खिशातून पुडी काढली. आता मला अर्थ लागत होता.

"हा मसाला तुमच्या घरून येतो ना?"

"घरवाली पाठवते. जुबैदा. मग फोनवर विचारते, कसा झालाय. आधी मी सांगायचो, धने जास्त हायत, मिरची कच्ची हाय. आता काय सांगू? म्हणून तुमच्यासारख्या वयनींना विचारतो आणि तिला वाचून दाखवतो." त्यांनी तळहात दाखवला.

"खरं का नाही सांगत तिला?"

"कळला तर पाठवणार नाय. म्हणेल, ह्याला काय, विटांचा चुरा पाठवला तरी चालेल." ते हसले. "तेवढीच एक वस्तू येते तिच्या हातची."

मी ठरवलं होतं, या माणसाशी आता खोटं बोलायचं नाही. पुडी नाकाशी नेली, नीट वास घेतला.

"यासीनभाई, खरं सांगू? करपलाय. धने जळलेत. आधीच्या पुड्यांनाही हाच वास होता. बरं दिसावं म्हणून मी खमंग म्हणत होते."

ते मोठ्याने हसले. "जुबैदा धने जाळणार? अख्खा मोहल्ला तिच्याकडून मसाला भाजून घेतो. घड्याळ बघत नाय, तव्याकडं पण बघत नाय. नुसत्या वासावर..."

आणि ते थांबले. अंगठ्याने तळहातावरची शाई पुसत राहिले.

"घरभर ताप होता," ते म्हणाले. "आमी दोघं एकाच खोलीत होतो."

मला समजायला एक क्षण लागला. समजलं तेव्हा मी उगाच कप पुसायला घेतले. त्यांनी फोन लावला.

"हां. मसाला पोचला." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. त्यांनी पुडी पुन्हा मिटली. "जुबैदा, तव्यावर धने टाकतेस ना, तेव्हा..." आणि मग महिनाभर मी ऐकत होते तेच, पण अगदी हळू, "तेव्हा वास येतो का?"

फोनमधून काहीच आलं नाही.

"मना पण नाय येत," ते म्हणाले. "तवापासून."

आधी मला वाटलं ती रडतेय. मग वाटलं हसतेय. मग एक चढा, खणखणीत आवाज आला, मलाही ऐकू गेला, "पाच वर्षां मना खोटा सांगत होतात?"

"आणि तू?" यासीनभाई म्हणाले. डोळे पुसत होते आणि खांदे हसण्याने हलत होते.

मी त्यांच्याकडेच बघत राहिले आणि चहा उतू गेला. करपलेल्या दुधाचा वास स्वयंपाकघरभर झाला. आम्हा तिघांत तो मला एकटीलाच आला.