फटकारे सरांची कॅसेट

एकोणीसशे शहाऐंशी साल. "चित्रकला इंग्रजीतून शिकवायची ना? त्यात काय! महिन्याभरात असं साहित्य उभं करतो की इंग्रजीचे सर माझ्या वर्गात येऊन मागच्या बाकावर बसतील!" असं फटकारे सर भर शिक्षकखोलीत बोलून गेले.

फटकारे हे त्यांचं आडनाव नव्हे. ते फळ्यावर एका फटकाऱ्यात घोडा काढत, म्हणून मुलांनी ठेवलेलं नाव. घोडा झकास यायचा. इंग्रजी मात्र "गुड मॉर्निंग"ला उठायचं आणि "सिट डाऊन"ला लगेच बसायचं!

झालं होतं असं, की यंदापासून चित्रकला, गणित, भूगोल, सगळंच इंग्रजीतून शिकवायचं, असं मुख्याध्यापकांनी जाहीर केलं होतं. महिन्याने तपासणी. ज्या विषयाचं साहित्य तयार नसेल, त्याचे तास इंग्रजीला जाणार. चित्रकलेचे आठवड्याला तास होते दोन. ते गेले, की सर घोड्यासकट घरी!

घरी मात्र सरांचा हुकमाचा एक्का होता. बायको. कॉलेजात इंग्रजीत पहिली आलेली. लग्नानंतर ते इंग्रजी औषधाच्या बाटल्या वाचण्यापुरतं उरलं होतं.

"अगं, चार ओळी लिहून दे. बाकीचं मी बघतो."

"चार ओळींनी काय होतंय? मुलांना ब्रश ओला कुठला आणि कोरडा कुठला, हे दिसायला नको? तक्ते हवेत, कार्डं हवीत. आणि वर्गात बोलणार कोण?"

"तू!"

"मी? वर्गात?"

"टेपमध्ये! मी फक्त बटण दाबणार."

ती हसली. खूप दिवसांनी हसली, हे सरांच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

मग काय विचारता! बुटांची खोकी फाडून तिने कार्डं कापली. एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला वाक्य. तक्ते भिंतीवर मावेनात, तेव्हा दारामागे टांगले. गणिताच्या सरांनी कार्डं पाहिली आणि विचारलं, "आमच्यासाठी जमेल का हो?" सर म्हणाले, "परवा घेऊन जा!" भूगोलाच्या बाई म्हणाल्या, "आणि आमच्या नद्या?" "त्याही परवाच!" सरांचं औदार्य उतू चाललं होतं, आणि कात्री चालत होती बायकोची. तिच्या अंगठ्याला फोड आला. प्रत्येक संचावर सरांनी वळणदार अक्षरात लिहिलं, 'निर्मिती : कलाशिक्षक.'

तिने ते वाचलं. म्हणाली, "कलाशिक्षकांना सांगा, डिंक संपलाय."

एका रविवारी स्वयंपाकघराच्या टेबलावर कॅसेट भरली. सोमवारपासून सर वर्गात जायचे, बटण दाबायचे आणि शिक्षकखोलीत चहाला येऊन बसायचे. "माझा वर्ग यंत्र घेतं!" असं मिशीला चहा लागेपर्यंत सांगायचे. कॅसेट शेवटपर्यंत त्यांनी एकदाही ऐकली नाही. मुलांनी ती वीस वेळा ऐकली.

तपासणीचा दिवस उजाडला. शिक्षण खात्यातल्या तपासणीच्या मॅडम आल्या, चष्मा पुसत कार्डं पाहू लागल्या. एकेक कार्ड उलटून, मागचं वाक्य ओठांतल्या ओठांत वाचून.

"सुंदर! हे कोणी केलं?"

"मी," सर म्हणाले. इतकं पटकन म्हणाले, की त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं.

"आमच्याकडे असं साहित्य बनवण्याचं केंद्र निघतंय. एक जागा आहे. असंच माणूस शोधतेय मी." मॅडमनी पिशवीतून अर्जाचा कागद काढला. "आणि आवाज कोणाचा?"

"तो... रेडिओवरच्या एका बाईंकडून करून घेतला!"

सरांनी रुबाबात बटण दाबलं. टेपरेकॉर्डरने दोन वाक्यं म्हटली, घुर्रर्र केलं आणि शेवया खाव्यात तशी फीत खाऊन टाकली! सरांनी कप्पा उघडला, तर आतून तपकिरी गुंतवळ बाहेर आलं. त्यांच्या कपाळावर घाम. आता इंग्रजीत बोलायचं कोणी?

तेवढ्यात मॉनिटर उभा राहिला. "सर, आम्हाला येतंय!" आणि चाळीस मुलं एका सुरात सुरू झाली.

"टेक युअर ब्रश! डिप इट इन वॉटर! पेंट द स्काय ब्लू!"

उच्चार स्वच्छ, हेल अगदी बायकोचा! मॅडमचा चेहरा खुलला. सरांची छाती फुगली. मुलांनी म्हणता म्हणता ब्रश बुडवले, आकाश निळं केलं, ढगांची जागा सोडली. मग अख्ख्या वर्गाने मिळून एकदा हलकेच खाकरून घेतलं. सरांना वाटलं, झालं, संपलं!

आणि चाळीस मुलं ओरडली, "अहो! दूध बघा, दूध!"

मॉनिटरने आवाज जाड केला, "मी ढग रंगवतोय!"

"श्शऽऽऽ!" मागच्या बाकाने दूध उतू घातलं.

सर पुढे धावले. "पुरे! स्टॉप! सिट डाऊन!" त्यांचं होतं नव्हतं तेवढं इंग्रजी संपलं. पण पाठांतराची गाडी उताराला लागली, की मध्ये कुठली थांबते! त्या रविवारी बटण बंद करायचं राहून गेलं होतं, आणि मुलांना वाटत होतं, की इंग्रजीतून चित्रकला म्हणजे त्यात हे असायचंच.

"इंग्रजी माझं, आवाज माझा, बोटं सोलली माझी. निदान एका कोपऱ्यात माझं नाव टाकलं असतंत!"

"बायकोचं नाव टाकलं, तर लोक मला हसतील!" मॉनिटर म्हणाला.

यानंतर कॅसेटवर थोडा वेळ काहीच नव्हतं. म्हणून मुलंही तेवढा वेळ गप्प राहिली. मग चाळीस जणांनी एक लांब सुस्कारा सोडला आणि म्हटलं, "नाऊ वॉश युअर ब्रश." आणि शांतपणे ब्रश धुवायला लागली.

मॅडमनी चष्मा पुन्हा पुसला. "सर, त्या रेडिओवरच्या बाईंचं बरंचसं दूध गेलं का हो?"

मॅडमनी अर्ज त्यांच्या हातात दिला. "हा त्यांना द्या. शेवटची तारीख परवा."

सरांनी तो घरी नेला. पण अर्ज द्यायचा, म्हणजे सगळंच सांगायला हवं. पहिल्या दिवशी जेवताना सांगणार होते. ती गुणगुणत होती, कशाला मूड घालवा! दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "तपासणीत काही झालं का हो?" सर म्हणाले, "काही नाही. छान झालं." तिसऱ्या दिवशी तारीख उलटून गेली आणि सरांना चक्क हलकं वाटलं. त्या हलकेपणाची लाज त्यांना पुढे जन्मभर पुरली.

चित्रकलेचे तास टिकले. मुख्याध्यापकांनी त्या साहित्याबद्दल सत्कार करून घेतला, स्वतःचा. मॅडमचं केंद्र नावारूपाला आलं. तिथल्या कॅसेट गावोगाव वाजल्या, दुसऱ्याच कोणा बाईंच्या आवाजात. मॉनिटर आता रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करतो. आवाज अजून जाडच आहे.

सर निवृत्त झाले त्या वर्षी बायकोने चित्रांची जुनी रद्दी आवरायला काढली. दोन घोड्यांच्या मध्ये पिवळा पडलेला अर्ज निघाला. सर दारात उभे होते. त्यांना वाटलं, आता वीज पडणार.

तिने कागद उजेडात धरून नीट पाहिला.

"मला तेव्हाच माहीत होतं," ती म्हणाली. "त्या चाळीस मुलांपैकी तीन आपल्याच गल्लीतली होती. त्याच दिवशी घरी येऊन म्हणून दाखवलं मला सगळं. अर्जाचंही सांगितलं."

"मग तू विचारलं का नाहीस?"

"विचारलं की. तुम्ही म्हणालात, छान झालं." तिने अर्जाची घडी घातली. "कागद चांगला आहे. मागची बाजू कोरी आहे." आणि कात्री घेऊन तिने त्याची नातीसाठी चार कार्डं कापली.

आता ती नाही. कार्डं आहेत, सरांनी प्रत्येकाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात तिचं नाव लिहून ठेवलंय. रोज सकाळी सर गॅससमोर उभे राहतात, हातात पक्कड, डोळे पातेल्यावर. इतक्या वर्षांत दूध एकदाही उतू गेलेलं नाही. हल्ली ते पितं मात्र कोणी नाही!