विहिणीला जबाब

आमच्या दिनेशला एक वाईट खोड आहे. घरात जे म्हणून बरं चाललेलं असेल ते उचलायचं आणि कॉम्प्युटरात घालायचं. घरच्या आरतीला त्याने मागून ढोल लावले. त्याच्या आईने, म्हणजे माझ्या सुनेने, सविताने, दारात रांगोळी काढली तर फोटो घेऊन तिचे रंगच बदलले आणि वर तिलाच म्हणाला, "मम्मी, आता बघ काय भारी दिसतेय!" सविता स्वभावाने गरीब, हसली. मी नाही हसत. तरी नातवाची कला म्हणून गप्प बसले होते. पण बहिणीच्या, चैतालीच्या, हळदीला त्याने थेट माझ्या गळ्याला हात घातला.

आमच्याकडची रीत अशी. नवऱ्या मुलाला हळद लागली की उरलेली उष्टी हळद घेऊन त्याच्याकडच्या बायका नवरीच्या दारी येतात. आल्या आल्या आपण गाण्यातून टोमणा मारायचा, त्यांनी गाण्यातूनच जबाब द्यायचा. जिला जबाब सुचला नाही ती हरली, आणि ते हरणं बारशापर्यंत ऐकून घ्यावं लागतं.

आमच्या चैतालीचं सासर सायखेड्याचं. नवऱ्या मुलाची आजी लंकाबाई. या बाईने साखरपुड्यात मला एका ओळीत गप्प केलं होतं. पंचवटीत चाळीस वर्षांत मला कुणी गप्प केलेलं नाही, भाजीबाजारातसुद्धा नाही. तेव्हापासून मी हळदीच्या दिवसावर डोळा ठेवून होते. आणि नेमका आठ दिवस आधी माझा घसा बसला.

"आजी, टेन्शन नको घेऊ," दिनेश म्हणाला. "जेवढा आवाज आहे तेवढा दे. बाकीचं मी एडिट करतो."

खिडकीला गादी लावली, पंखा बंद केला, माझ्या कानांवर ते काळं झाकण चढवलं. दोन दुपारी मी घामाघूम होऊन गायले. दम लागला की थांबायचे आणि मनात येईल ते बोलत बसायचे. दिनेश मान डोलवायचा आणि माउस हलवायचा.

तिसऱ्या दिवशी त्याने ऐकवलं.

"ही कोण पोरगी?" मी विचारलं.

"आजी, तूच आहेस ती!"

"मग माझा खोकला कुठे गेला?"

"काढला. एकदम क्लीन केलंय."

"आणि मी श्वास कुठे घेतला?"

"श्वासपण काढले."

"मग मी जिवंत कशी रे?"

त्याने माझ्या कानांवरचं झाकण काढून घेतलं. म्हणाला, "हळदीला तू नुसतं खुर्चीत बसायचं. कॉम्प्युटर गाईल." माझा घसा तोवर मोकळा झाला होता. पण ते मी कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, गाऊ दे त्या डब्याला. मी तोंड उघडलं तर नावाची यशोदाबाई नाही.

हळदीच्या सकाळी गल्लीत मांडव पडला. दोन्ही बाजूंना माणसाएवढे स्पीकर, मध्ये टेबलावर दिनेशचा लॅपटॉप, त्याला हार. सायखेड्याच्या बायका टेम्पोतून उतरल्या. पुढे लंकाबाई, हातात हळदीची वाटी. दिनेशने बटण दाबलं आणि माझा धुतलेला आवाज गल्लीभर घुमला,

"सायखेड्याची विहीण आली, हळद आणली चमचाभर,
नथ नाकात हाताएवढी, तोरा तिचा गावभर!"

आमच्या बायका खूश. दिनेशने माझ्याकडे बघून अंगठा दाखवला. मी मान फिरवली.

लंकाबाईने वाटी सुनेच्या हातात दिली, पदर खोचला आणि बिनस्पीकरची उत्तरली,

"चमचाभर हळदीनं ग तुमची नवरी उजळली,
पंचवटीची इहीन बाई डब्यामागं का लपली?"

सायखेड्याच्या बायकांनी टाळ्या पिटल्या. आता जबाब आमचा. लॅपटॉपने जबाब दिला, "सायखेड्याची विहीण आली, हळद आणली चमचाभर..."

"दिन्या, हे झालं ना आधी!" सविता कुजबुजली.

"मम्मी, ते लूपवर आहे. परत परत येणारच."

"मग दुसरं लाव!"

"दुसरं कोणतं? समोरून असं काही गाणार हे मला काय माहीत!"

पोराने सगळं केलं होतं, ढोल घातले, घुमारा घातला. समोरची बाई उलट बोलेल एवढंच तेवढं ध्यानात घेतलं नव्हतं. लंकाबाईला तर वेशीवर वाजंत्री मिळाल्यासारखं झालं.

"एकच गाणं किती डाव इहीनबाई म्हणशील ग,
दुसरं शिकायचं आसंल तर सायखेड्याला येशील ग?"

"सायखेड्याची विहीण आली," लॅपटॉप म्हणाला.

"आता ग बया, आडकली!" मागून एक बाई ओरडली. "लय जुनी झाली वाटतं यांची आजी! टाका की जरा तेल!"

हसून हसून त्या बायकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. चैताली पाटावर, हळद लागायच्या आधीच लाजेने लाल. साखरपुड्यापाठोपाठ हळदीलाही हरायची वेळ आली, तेव्हा मात्र मी नावाची पर्वा सोडली आणि खुर्चीतून उठले. जबाब ओठांवर होता. तेवढ्यात घाबरलेल्या दिनेशने लूप बंद करायला जे हाताला लागेल ते दाबलं.

स्पीकरमधून आधी खोकला आला. माझा, खराखुरा. मग बोलणं.

"दिन्या, तुला म्हणून सांगते. त्या लंकाबाईच्या गळ्याची सर मला नाही रे. साखरपुड्याला तिचं ऐकतच बसले, म्हणून तर जबाब द्यायचा राहिला. बाई तोंडाची तिखट आहे पण मनाची स्वच्छ. अशा घरात आपली चैती सुखात राहील. हे बाहेर कुठे बोललास तर तंगडं मोडीन."

त्यावरही घुमारा होताच. मोडीन, मोडीन, मोडीन करत गल्लीच्या टोकापर्यंत गेलं.

 मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आधी दिनेशला पोटात घ्यावं. सगळ्यांनी लंकाबाईकडे बघितलं. जबाब तिचा होता. तिने तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. शेवटी पदराने नाक पुसलं आणि वाटीतली बोटभर हळद माझ्या गालाला लावली.

"यशोदाबाई, शिवी घाला, हजार जबाब देते," ती म्हणाली. "ह्याला काय देऊ? ह्याचं गाणं नाय मला येत."

"म्हणजे सायखेडा हरला!" सविता ओरडली. माझी सून एवढ्या मोठ्याने ओरडू शकते हे मला त्या दिवशी कळलं.

लंकाबाई म्हणाली, "हारले तर हारले, पन ते पुन्यांदा लाव की रे पोरा. मह्या सुनांना नीट ऐकू दे."

दिनेश लॅपटॉपच्या आड उभा होता, तंगडं शाबूत आहे का बघत. मी त्याला सगळ्यांसमोर पुढे बोलावलं.

"ऐक, दिन्या. न विचारता माझं मन गल्लीभर वाजवलंस, ते वाईट केलंस. तुझं ते गाणं भिकार आहे, ते आजच पुसून टाक. हे बोलणं मात्र ठेव. आणि त्यातला एक खोकला जरी काढलास ना, तर आज वाचलेलं तंगडं उद्या वाचायचं नाही."