गुरुनाथप्पांचा उजवा हात

गुरुनाथप्पांचा उजवा हात सरकारी होता. हे मी म्हणत नाही, ते स्वतःच म्हणायचे. त्या हातानं ते बादली उचलत नसत, पेटी उचलत नसत. दसऱ्याला आपट्याचं पानसुद्धा डाव्या हातानं द्यायचे आणि मोठ्या माणसांच्या शिव्या खायचे. जेवायला मात्र उजवाच. “तेवढी सवलत हाय त्याला,” म्हणायचे.

आमच्या प्रचारगाडीवर ते सिनेमाचं मशीन चालवायचे. लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. कचेरीत अजून खुर्च्या यायच्या होत्या, पण गाडी आली होती. हमीदभाई ड्रायव्हर, अप्पा ऑपरेटर आणि मी सिनेमाआधी दहा मिनिटं बायकांना उपदेश करणारी बाई. पेट्या मी आणि हमीदभाई उचलायचो. “अप्पा, हाताचा इमा काढा की,” हमीदभाई म्हणायचा. अप्पा खरंच विचारात पडायचे.

माणूस भित्रा म्हणजे किती भित्रा. कुत्र्याला भ्यायचे, विजेच्या तारेला भ्यायचे आणि सगळ्यात जास्त कागदाला. कोणी चहा पाजला तरी इकडंतिकडं बघून म्हणायचे, “घेतो, पण रेकार्डवर यायला नको.” कपाळावरची विभूती दुपारपर्यंत घामानं पुसलेली असायची. पेन्शनला दोन वर्षं उरली होती आणि ती दोन वर्षं आपल्यावर टपून बसलीत असंच त्यांना वाटायचं.

त्या सरकारी हाताची गोष्ट अशी. आमच्याकडं नवऱ्याच्या हातचा मार खाणाऱ्या एका बाईचा सिनेमा होता. काढला सरकारनंच. तो दाखवायला निघालो तर सरकारच्याच दुसऱ्या टेबलाला घाम फुटला. हुकूम आला की मारहाणीचं दृश्य खेड्यातल्या लोकांना दाखवू नये, संसाराबद्दल गैरसमज होतो. मार खाणाऱ्या बायकांना माराबद्दल कसला गैरसमज होणार, हे मी विचारलं. अप्पांनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

दृश्य कापावं तर रीळ सरकारी. कात्री लावायची परवानगी जुन्या जिल्ह्याकडं मागितली, तर ते म्हणाले, तुम्ही आता वेगळे झालात, तुमचं तुम्ही बघा. मग अप्पांनी तोडगा काढला. सिनेमातला नवरा दाराला कडी घालतो. कडी पडली की अप्पांनी मशीनच्या भिंगापुढं उजवा पंजा धरायचा, एकोणीस आकडे मोजायचे आणि पंजा काढायचा. पंजा हटला की ती बाई हसतमुखानं शिलाई मशीनवर बसलेली. मध्ये काय झालं, ते फक्त अप्पांना माहीत. त्यांनी एकदा कचेरीत रीळ तपासलं होतं.

आवाज मात्र चालूच राहायचा. “आवाजाचा हुकूम न्हाई,” अप्पा म्हणायचे. “उद्या इचारलं, कोणाच्या सांगण्यावरून बंद केला, तर?”

त्यामुळं एकोणीस आकडे नुसता काळोख. त्या काळोखात कडी, बांगड्या फुटल्याचा आवाज आणि “नका हो, नका हो.” पडदा काळा, मग ज्या त्या बाईला त्यात आपलंच घर दिसायचं. लेकरं रडायला लागायची. बाप्ये खोकायचे.

त्या साली पाऊस नव्हता. औशाच्या पुढं माळावर दुष्काळी काम निघालं होतं, बाया दिवसभर खडी फोडायच्या. तिथं आमचे दोन दिवस त्याच सिनेमाचे दोन खेळ होते. पहिल्या दिवशी काळोख झाला, आवाज सुरू झाला आणि पुढच्या खुर्चीवरून कोणीतरी हसलं. बारीक, मजेत. उजेड आल्यावर बघितलं तर कामावरचा मुकादम. तोच नंतर आम्हाला चहा घ्या म्हणून आग्रह करत होता.

सकाळी पाण्याच्या टँकरच्या आडोशाला एक बाई माझ्याजवळ आली. पंचविशीची असेल, डोळ्याखाली काळंनिळं. तिनं आपलं नाव शकू सांगितलं. मुकादमाची बायको.

“बाई, अंधार झाला तवा ती कडीच्या आत व्हती. उजेड आला तवा मशिनीवर. मधी ती भाईर कशी आली?”

मला काय माहीत. मी पन्नासदा तो सिनेमा दाखवला आणि उपदेश केला, पण ती बाहेर कशी आली हे मलाच ठाऊक नव्हतं. लाज वाटली.

“बघून सांगा,” ती म्हणाली. “मला लई दिस न्हाईत आता.”

जेवताना मी अप्पांना धरलं. आधी “रेकार्डवर नको” झालं, मग ते हळूच म्हणाले, “शेजारीण येती. वरवंट्यानं कडी तोडती आन तिला भाईर काढती. सोळा ते एकोणीस.”

“ते तर मारहाण नाही ना? तेवढं दाखवा.”

“हुकूम एकोणीसचा हाय, बाई.”

“चुलीत घाला तुमचा हुकूम,” मी म्हणाले. “ती मेली म्हणजे कोणत्या रेकार्डवर घेणार तिला?”

अप्पांनी भाकरी तशीच ठेवली.

त्या संध्याकाळी मी मशीनजवळच उभी राहिले. कडी पडली, पंजा वर गेला. अप्पा ओठातल्या ओठात मोजत होते. तेरा. चौदा. पंधरा. आणि हात खाली आला.

पडद्यावर एक म्हातारी दारावर वरवंटा घालत होती. कडी तुटली. तिनं आत हात घालून त्या बाईला बखोटीला धरून बाहेर ओढलं. माळावर कोणी खोकलं नाही. मुकादमही हसला नाही. तो उठला आणि शकूचा दंड धरून तिला झोपड्यांकडं घेऊन गेला.

आम्ही पडदा सोडत होतो तेव्हा तिकडून आवाज आला. सिनेमातलाच, पण आता मशीन बंद होतं. मला धावायला पाहिजे होतं, मी धावले नाही, हे खरं ते सांगते. शेजारी अप्पा डोळे मिटून मोजत होते. एक. दोन. तीन.

सातव्या आकड्याला पत्र्याच्या दारावर पहिला हातोडा पडला. मग दुसरा, मग किती ते कळेना. खडी फोडणाऱ्या बाया होत्या, त्यांना कुठं घाव घालायचा ते शिकवायला नको होतं. अप्पांनी मोजणं थांबवलं आणि खाली मातीत बसले.

सकाळी शकू आमच्या गाडीत होती, नांदेडच्या पुढं भोकरला आईकडं निघालेली. गाडीत परका माणूस घ्यायचा नाही म्हणून अप्पांनी एकदा तलाठ्याला उतरवलं होतं. आज त्यांनी आपली जागा तिला दिली, गाडीचं लॉगबुक मांडीवर घेतलं आणि तिचं नाव स्वच्छ अक्षरात लिहिलं. खाली लिहिलं, ‘काल हात चार आकडे आधी काढला. ऑपरेटर.’ आणि सही.

“अप्पा, नोटीस येईल,” मी म्हणाले.

“यील की.”

शकूला डुलकी लागली तेव्हा ते माझ्याकडं न बघता बोलले. “आमची महादेवी अक्का उदगीरला दिलेली. मी धा वर्साचा, तिच्याकडं ऱ्हायला गेलो व्हतो. मधी नुसती भिंत व्हती. तिची सासू मला म्हणली, तू आकडे मोज, थांबतंय. मी मोजले. शंभराच्या आत थांबलं.”

अप्पांनी लॉगबुक मिटून पायाशी ठेवलं.

“मला वाटलं, बरं झालं, थांबलं.”

लातूरच्या स्टँडवर नांदेडची गाडी लागलेली होती. शकूचं गाठोडं जड होतं. मी आणि हमीदभाई सवयीनं पुढं झालो. अप्पांनी आम्हाला बाजूला सारलं, गाठोडं उजव्या हातानं उचललं आणि “चल अक्का” म्हणत तिच्यापुढं चालायला लागले.