सदोबा साळिंदराचे व्हिडिओ फोन

मुलांनो, मांडी घालून नीट बसा. मागच्या रांगेतल्यांनी खिशातले फोन बंद करा. या गोष्टीत आधीच पुष्कळ फोन आहेत.

एका जंगलात एक ओढा होता. तो डोंगरावरून निघायचा आणि खालच्या खोलगट भागात यायचा. तिथेच सगळे प्राणी राहायचे. एरवी ओढ्याला घोटाभर पाणी. पण डोंगरावर मोठा पाऊस झाला की तो बिळं, घरटी, जे सापडेल ते धुऊन न्यायचा.

डोंगरावर गोदाक्का टिटवी राहायची. पाणी वाढताना दिसलं की ती ओरडायची, आणि खालचे सगळे शेजारच्या टेकडीवर पळायचे. कित्येक वर्षं असं चाललं. मग एके दिवशी गोदाक्काचा घसा बसला. तो पुन्हा उठलाच नाही.

“आता पाणी आलं तर कळणार कसं?” ठकूबाई ससीण म्हणाली. तिचं बीळ अगदी काठावर होतं आणि पदरात सात पिल्लं होती.

जंगलात एक पूर इशारा समिती होती. अध्यक्ष होते दाजीसाहेब अस्वल. समितीने तीन बैठका घेतल्या. पहिल्या बैठकीत चिंता व्यक्त केली. दुसऱ्या बैठकीत पहिल्या बैठकीचं इतिवृत्त मंजूर केलं. तिसऱ्या बैठकीत सदोबा साळिंदर उभा राहिला. सदोबा मोडक्या वस्तू दुरुस्त करायचा आणि एरवी फारसा बोलायचा नाही.

“व्हिडिओ फोन बसवू,” तो म्हणाला. “गोदाक्काला बोलता येत नाही, पण दाखवता येतं. तिने फोन ओढ्याकडे धरला की झालं.”

“आपल्याला कसे परवडणार?” दाजीसाहेबांनी विचारलं.

“शहरातल्या एका कचेरीने जुने फोन टाकून दिलेत. पडद्यावर ओरखडे आहेत, पण चित्र दिसतं. एक जुना संगणक माझ्याकडे आहे. आणि फोन जोडून देणारं सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे. म्हणजे ते सगळ्यांचं. कुणीही घ्यावं, उघडून बघावं, हवं तसं बदलावं.”

“फुकट?” दाजीसाहेबांचे कान उभे राहिले. “मग त्यात खोट असणार.”

“असली तर दिसेल. सगळं उघडंच आहे.”

“उघडं? मग चोरीला जाईल.”

“जाऊ दे की. कुणी कितीही नेलं तरी आपल्याकडे तेवढंच राहतं.”

समितीला यातलं काही समजलं नाही. त्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला.

सदोबा कामाला लागला. पहिल्या दिवशी चित्र आलं, आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशी आवाज आला, पण एकाच बाजूने. हरणाचं बोलणं ठकूबाईला ऐकू यायचं, ठकूबाईचं हरणाला नाही. हरणाला हा फोन फार आवडला. तिसऱ्या दिवशी दाजीसाहेबांचा आवाज माकडाच्या चेहऱ्यातून आला. समितीने त्याची गंभीर दखल घेतली. आठव्या दिवशी मात्र सगळं जुळलं.

एकच अडचण उरली. खोलगटात रेंज येत नव्हती. ती फक्त डोंगरावर आणि टेकडीवर होती.

“खालपर्यंत केबल टाकतो,” सदोबा म्हणाला. “पंधरा दिवस द्या.”

“उद्घाटन परवा आहे,” दाजीसाहेब म्हणाले. “फोन टेकडीवर लावा.”

मग टेकडीवरच्या करवंदीच्या जाळ्यांना फोन टांगले. प्रत्येकाचा फोन वेगळा, प्रत्येकाचा नंबर वेगळा.

“बीळ खाली आणि फोन वर?” ठकूबाईने विचारलं.

“अहो, तुम्ही बिळात बसलात तर फोन उचलणार कोण?” दाजीसाहेब म्हणाले.

ठकूबाई सातही पिल्लं घेऊन टेकडीवर राहायला आली. हळूहळू सगळेच आले. रोज सकाळी फोन पुसायचा आणि त्याच्यासमोर बसून राहायचं, असा जंगलाचा दिनक्रम झाला.

बसून बसून प्राण्यांना एक गोष्ट आठवली. सॉफ्टवेअर हवं तसं बदलता येतं!

दाजीसाहेबांनी सुरुवातीला स्वतःचं स्वागतपर भाषण घातलं. ते झाल्याशिवाय कुणाचाच फोन पुढे जाईना. मोराने त्यानंतर आपलं नृत्य घातलं. माकडाने बटणांची यादी टाकली. पाण्यासाठी एक दाबा, वाघासाठी दोन, वाघ पाण्यात असल्यास तीन. बेडकांनी वाट पाहणाऱ्यांसाठी समूहगान दिलं.

“अहो, इशारा कधी पोचणार?” सदोबा कळवळून म्हणाला.

“सगळ्यांचं आहे असं तूच म्हणाला होतास ना?” दाजीसाहेब म्हणाले.

एके दिवशी भर दुपारी डोंगरावर ढग फुटला. गोदाक्काने चोचीने नंबर दाबला. पडद्यावर दाजीसाहेब आले आणि त्यांनी तिचं हार्दिक स्वागत केलं. मग मोर नाचला. गोदाक्काने एक दाबला. फोन अध्यक्षांकडे वळला. पण अध्यक्षांचा फोन लागेना, कारण आपलं भाषण कसं दिसतं हे बघायला अध्यक्षांनी स्वतःलाच फोन लावला होता. बेडूक गाऊ लागले. गोदाक्का फोन ओढ्याकडे धरून उभी राहिली. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. तिच्या पायाखालून पाणी धडधडत खाली गेलं आणि खोलगट काठोकाठ भरलं.

टेकडीवर सगळे आपापल्या फोनसमोर बसले होते. आवाज ऐकून त्यांनी माना वळवल्या.

“माझं बीळ!” ठकूबाई किंचाळली. मग तिने पिल्लं मोजली. सात. पुन्हा मोजली. सातच होती.

कासवासकट सगळे हजर होते. कुणाचं शेपूटही भिजलं नव्हतं. दाजीसाहेबांनी तिथल्या तिथे योजना यशस्वी झाल्याचं जाहीर केलं आणि सदोबाला हार घातला. हार काट्यांत अडकला.

“पण साहेब, फोन वाजलाच नाही,” सदोबा म्हणाला.

“आणि विनय तर बघा!” दाजीसाहेब म्हणाले.

सदोबाला अन्न गोड लागेना. गोदाक्का डोंगरावर एकटी फोन धरून उभी राहिली होती, हे त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. पाणी ओसरल्यावर त्याने खोलगटापर्यंत केबल ओढली. फोन घराघरात लावले. भाषण काढलं, नाच काढला, यादी काढली, बेडूक काढले. आता गोदाक्काने एक बटण दाबलं की सगळ्यांचे फोन एकदम वाजत. पडद्यावर गोदाक्का आणि तिच्या मागे ओढा. दुसरं काही नाही.

सगळे घरी परतले. ठकूबाईने नवं बीळ खणलं.

महिन्याभराने पुन्हा पूर आला. सगळे फोन एकदम वाजले. सगळे उठून पळाले आणि वेळेवर टेकडीवर पोचले.

दुसऱ्या दिवशी समितीने सदोबाची चौकशी लावली.

“पहिल्या पुरात किती प्राण्यांना पळावं लागलं?” दाजीसाहेबांनी विचारलं.

“एकालाही नाही.”

“आणि फोन दुरुस्त केल्यावर?”

“सगळ्यांना.”

“कासवाला धाप लागली. लिहून घ्या.”

ठकूबाई पुढे आली. “फोन वाजला म्हणून माझी सात पिल्लं वाचली.”

“बाई, मागच्या वेळी तो न वाजताच वाचली होती.”

यावर ठकूबाईला उत्तर सुचेना. खरं सांगायचं तर मलाही सुचलेलं नाही.

पूर्वीचा बिघाड आठ दिवसांत परत बसवावा, असा समितीने हुकूम काढला. सदोबाने हात जोडले. “साहेब, तो बिघाड इतक्या जणांनी मिळून केला होता, की मला एकट्याला जमायचा नाही.”

तेवढ्यात परगावचा एक कोल्हा आला. त्याच्याकडे चकचकीत फोन होते आणि एक काळी पेटी होती.

“ही उघडून बघता येते का?” दाजीसाहेबांनी विचारलं.

“मुळीच नाही.”

“आत काय आहे?”

“ते आम्हालाही सांगत नाहीत.”

“आणि बिघाड?”

“आधीपासूनच बसवलेला असतो. तीन वर्षांची हमी.”

दाजीसाहेबांना एकदम विश्वास वाटला.

सदोबा आपला जुना संगणक पाठीवर घेऊन डोंगरापलीकडे निघून गेला. त्याला पोचवायला वेशीपर्यंत फक्त ठकूबाई गेली.

“सदूभाऊ, आता पाणी आलं तर?”

“टेकडीवरच राहा, बाई,” तो म्हणाला. “खाली उतरू नका.”

समितीने कोल्ह्याचे फोन पुन्हा टेकडीवरच टांगले. आता सगळं जंगल तिथे दाटीवाटीने राहतं आणि चकचकीत पडद्यांकडे बघत बसतं. खाली घरं रिकामी आहेत. फोन अजून एकदाही वाजलेला नाही. पुरात अजून कुणी वाहून गेलेलं नाही. समितीला दोन्हींचा सारखाच अभिमान आहे.

तात्पर्य : चालू वस्तू माणसाला पळायला लावते, बंद पडलेली वस्तू एका जागी सुखाने बसवते. म्हणून मुलांनो, कुणाचा फोन दुरुस्त करण्यापूर्वी तो वाजावा अशी त्याची इच्छा आहे का, हे लेखी विचारून घ्या.