माणगाव ते दिवेआगर, कमरेमार्गे

महादूकाकांना "पाय कसा आहे?" असं विचारलं की ते गावाचं नाव सांगत.

"आज म्हसळ्यात हाय," ते म्हणत. किंवा, "राती बोर्लीवर आलंतं, सकाळी परत फिरलं."

काका आमच्या दिवेआगरच्या मुक्कामी गाडीचे कंडक्टर. कमरेतून निघून डाव्या पायात उतरणारी एक शीर त्यांना छळत असे. काकांनी त्या शिरेवर आपला रोजचा रस्ता बसवून टाकला होता. कंबर म्हणजे माणगाव. मांडीत म्हसळा. पोटरीत बोर्ली पंचतन, आणि टाच म्हणजे दिवेआगर, शेवटचा थांबा. माणगाव आणि म्हसळा यांच्या मध्ये शरीराचा जो भाग येतो, तिथेही त्यांनी एक गाव बसवलं होतं. त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण त्या गावचा एक मुलगा माझ्या वर्गात आहे.

गाडी संध्याकाळी आली की ड्रायव्हर अब्बासभाई आपल्या मेहुण्याकडे जात आणि काका आमच्या पडवीत येत. बायको वारल्यापासून त्यांचं जेवण आमच्याकडेच असे. बसलं की कळ येते म्हणून ते उभ्यानेच, ताट खिडकीच्या फळीवर ठेवून जेवत. आईने आणखी भात आणला की ताटावर हात आडवा धरत. "वैनी, गाडी फुल्ल." मांजर पायात आलं की त्यालाही, "पुढं सरका, पुढं जागा हाय."

दुखण्यावर औषध सांगितलं नाही असा उतारू त्या मार्गावर नव्हता. कुणी निर्गुडीचा पाला बांधायला सांगितला, कुणी तापल्या वाळूची पुरचुंडी. काका कुणाचंही मन मोडत नसत. बोर्लीच्या एका कोळणीने मुशीचं तेल दिलं, तेही त्यांनी चोळलं. पुढचे काही दिवस गाडी प्रत्येक स्टँडवर शिरली की गावातली मांजरं तिला सामोरी येत. अब्बासभाई वैतागले. "म्हादू, एक तं तू तरी उतर, नायतं तेल तरी उतरव!"

शेवटी माणगावच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. फळीवर झोपा, वाकू नका, ओझं उचलू नका, आणि आखडलेले स्नायू सैल व्हायला ही गोळी घ्या, असं सांगितलं. गोळ्यांच्या बाटलीबरोबर इंग्रजीत छापलेला एक कागद होता. तो घेऊन काका माझ्यापुढे उभे राहिले.

मी तेव्हा सुट्टीवर घरी आलो होतो. वडील लोकांच्या वाड्यांत पोफळीवर चढून सुपारी काढतात; आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मी कलाशाखेच्या पहिल्या वर्षाला आहे आणि औषधातलं मला काही कळत नाही, हे मी चाचरत सांगून पाहिलं.

"कालेज ते कालेज," काका म्हणाले. "वाच."

मी शब्दकोश काढून बसलो. बऱ्याच वेळाने म्हणालो, "काका, यात लिहिलंय की गुंगी येते. चक्कर येऊ शकते. तोंडाला कोरड पडते. आणि... गोळी घेतल्यावर यंत्र चालवू नये."

"यंत्र अब्बास चालवतो," असं म्हणून त्यांनी कागदाची घडी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर त्यांनी गोळी घेतली.

त्याच गाडीने मी माणगावला आईचा चष्मा आणायला निघालो होतो. बोर्लीपर्यंत काका ठीक होते. पुढे त्यांचा आवाज बसत चालला. "म्हसळा, म्हसळा" ही त्यांची आरोळी आमच्याकडे तीन माडांपलीकडून ऐकू येते. पण जीभ टाळ्याला चिकटल्यामुळे ती आता कानात सांगितल्यासारखी येऊ लागली. चढणीला गाडी लागली तेव्हा त्यांनी दांड्याला पाठ टेकली, घंटेची दोरी मुठीत धरली आणि उभ्या उभ्याच त्यांना झोप लागली.

मग गंमत सुरू झाली. गाडीला गचका बसला की काकांची मान पडे, मुठीतली दोरी ओढली जाई आणि घंटा वाजे. अब्बासभाई इमानाने गाडी थांबवत. थांबण्याच्या गचक्याने दोनदा घंटा वाजे आणि गाडी निघे. असं भर जंगलात चाललं होतं. अब्बासभाईंनी मागे वळून ओरडून विचारलं, "अरे म्हादू, हितं कोन उतरतंय? वाघ?"

पुढच्या बाकावरची एक म्हातारी म्हणाली, "उठवू नको रं त्याला. किती दिसांनी डोला लागलाय."

त्यानंतर रस्ता जरा बरा लागला आणि घंटा वाजेनाशी झाली. आंबेफाटा आला. फाट्यावर विहीर आहे. तिथे एक तरुण बाई घागर घेऊन उभी होती. तिने हात काही दाखवला नाही. उतरणारं कुणी नव्हतं, अब्बासभाई मागच्या घोटाळ्याने चिडलेले होते, त्यांनी गाडी तशीच पुढे काढली. मी मागच्या काचेतून पाहिलं. ती बाई घागर खाली ठेवून रस्त्याच्या मधोमध आली आणि गाडीकडे बघत राहिली.

काका जागे झाले ते म्हसळ्याला.

"आंबेफाटा?" त्यांनी विचारलं.

"गेला," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा एकदम उतरला. माणगावला पोचल्यावर त्यांनी गोळ्यांची बाटली माझ्या हातात कोंबली. "तुज्या कालेजात दे. माज्या कामाची न्हाय," एवढंच म्हणाले आणि लंगडत हिशेब द्यायला गेले.

मी अब्बासभाईंना विचारलं. ते बॉनेट उघडून बसले होते, आणि ओशाळले होते.

"ती सुमन. त्याची पोर. गेल्या साली तिला तिथं दिली. मी गदडा, गाडी हाकलली! अरे, तुमच्यात रीत हाय ना, लेकीला पोर होईस्तोवर बाप तिच्या घरी पाण्याचा घोट घेत न्हाय? मग हा जाईल कसा? ती विहिरीवर येते, गाडी थांबते, दोघं बघून घेतात. झालं माहेर."

"पण गोळ्या सोडल्या तर पाय?"

"तंच तर. डेपोचा सायेब म्हनतो, पाय चालत नसेल तर हितं खिडकीत बसून तिकिटं फाड. खिडकीतनं आंबेफाटा दिसतो काय?"

संध्याकाळी परत येताना काका एका पायावर भार देऊन उभे होते. दुखणं कुठल्या गावात आहे हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही. सकाळच्या गोळीची कोरड मात्र अजून गेली नव्हती. ओठ फुटले होते. तिकीट देताना ते उतारूंना नुसती खूण करत.

आंबेफाट्यावर सुमन भरली घागर पायाशी ठेवून उभी होती. गाडी थांबताच काका दांडा धरून, दात आवळून खाली उतरले.

"सकाळी काय झालंतं?" ती जवळजवळ ओरडलीच. "मला वाटलं, तुला कायतरी झालं आनि दुसराच कोन कंडक्टर हाय. दिसभर मी..."

"डोला लागला गो. त्या गोळीनं." काकांचा आवाज घोगरा निघाला. "सोडली आता. पुन्यांदा न्हाय घेनार."

"सोडायची न्हाय! पाय बघ तुजा. घ्यायचीस, पन राती. मुक्कामाला पोचल्यावर."

मी खिडकीतून बाटली पुढे केली. तिने ती घेऊन त्यांच्या खिशात घातली. मग त्यांच्या ओठांकडे पाहिलं आणि घागर उचलली.

काका मागे सरले. "नको. तुज्या घरचं पानी..."

"ही विहीर हाय बाबा. घर न्हाय."

"घागर तुज्या सासरची हाय."

काका सुकल्या जिभेने ओठ चाटत उभे राहिले. तेवढ्यात खिडकीतून एका म्हातारीने डोकं बाहेर काढलं.

"म्हादबा, भरली घागर उंबऱ्याच्या आत गेली काय अजून? न्हाय ना? मग पानी विहिरीचंच. पी गुमान."

काकांनी गाडीकडे पाहिलं. सगळ्या खिडक्यांतून माना होकारार्थी हलत होत्या. त्यांनी ओंजळ केली. पण वाकता येईना. मग सुमनच गाडीच्या पायरीवर चढली आणि वरून धार धरली. काका मान वर करून, डोळे मिटून, लहान मुलासारखे पीत राहिले. पाणी कोपरांवरून ओघळून खाकी शर्टात चाललं होतं.

ती गाडी एकदा बंद केली की पुन्हा सुरू करायला खाली उतरून हँडल मारावं लागतं, आणि त्याला अब्बासभाई फार कंटाळतात. त्यांनी ती बंद केली.