नानांची पाडव्याची यादी

आमच्या नानांनी देशातला एकही मोठा माणूस जिवंत सोडला नव्हता. कागदावर हो! दर दिवाळी पाडव्याला जळगावच्या वाचनालयाच्या ओट्यावर मांडी ठोकायची आणि येत्या वर्षात कोण कोण जाणार, त्याची दहा नावं लिहून काढायची. मंत्री, नट, गवई, पैलवान, कोणाची म्हणून गय नाही. दहावं नाव लिहून झालं की पेनाला टोपण लावायचं आणि श्राद्धाचं जेवण आटोपल्यासारखं समाधानाने म्हणायचं, "चला, पोच मिळाली."

घाबरू नका. नाना मुंगी दिसली तर वळसा घालून जाणारे होते. तो नुसता खेळ होता, आणि त्या पापात आम्हीही वाटेकरी होतो. कापडवाले शेठ, केळीवाले आबा पाटील, आणि शाळेतून सुटलो की घरी न जाता तिथे जाऊन बसणारा मी मास्तर. साठ सालच्या आसपास कधीतरी खेळ सुरू झाला तो बारा-तेरा वर्षं चालला. ओट्यावर येणारा नवा माणूस आमचं बोलणं ऐकून पहिल्या दिवशी उठून जाई. दुसऱ्या दिवशी गुपचूप येऊन विचारी, "अमक्याचं नाव कोणी घेतलंय का हो?"

नाना तार ऑफिसातले तारबाबू. उभा जन्म कट्ट-कडकट्ट करण्यात गेला. नोकरी संपली, पण बोटं काही रिटायर झाली नाहीत. चहाची बशी असो, बाक असो, शेजारच्याचा गुडघा असो, नानांची बोटं चालूच. एकदा मी वैतागून म्हणालो, "नाना, माझ्या गुडघ्यावरून कोणाला तार करताय?"

"काही नाही मास्तर. शिरपूरला ऊन कसं काय शे, विचारून राहिलो."

त्या काळी तार म्हणजे मयत. पेढ्याच्या तारा यायच्या, नाही असं नाही, पण शंभरात दोन-चार. तारवाला गल्लीत शिरला की बायका पदर तोंडाला लावून तयारच. त्या धंद्याची सावली नानांवर अशी काही पडली, की त्यांचं लग्नच राहिलं. तरुणपणी पिंपळनेरला मुलगी बघायला गेले. दारात उभे राहून म्हणाले, "मी जळगावच्या तार ऑफिसातून आलो." झालं! आतून म्हातारीने जो गळा काढला तो अर्धी गल्ली गोळा होईतो थांबला नाही. मुलीने पोहे आणले ते रडत रडत. "चांगली होती मुलगी," नाना सांगत. "पण मला बघितलं की तिला रडू यायचं. तसा संसार कसा करणार?" आम्ही पोट धरून हसायचो. नानाही हसायचे, आणि मग बोटं बाकावर वाजवत बसायचे.

खेळाचे नियम नानांनीच केलेले. नाव अशाच माणसाचं घ्यायचं, ज्याची बातमी पेपरच्या पहिल्या पानावर येईल. ज्याने लिहिलेलं नाव लागलं तो जिंकला. पण जिंकणाऱ्याने आधी वाचनालयाच्या नळाखाली बसून, अंगावरच्या कपड्यांनिशी, डोक्यावरून गार पाणी घ्यायचं. "आपण त्याचं मरण बोललो," नाना म्हणत, "तेवढं तरी सुतक पाळायला हवं. आधी आंघोळ, मग भरीत." म्हणजे हरलेल्यांनी जिंकणाऱ्याला आबांच्या मळ्यात वांग्याचं भरीत घालायचं. भरताच्या आशेने आम्ही कोणाकोणाला मारलं, ते सांगायला नको!

शेठ पहिल्यांदा जिंकले ते ऐन थंडीत. दिल्लीचे एक वयोवृद्ध पुढारी गेल्याचं रेडिओने सांगितलं. शेठ आधी टाळी वाजवून उठले आणि मग नळाकडे बघून खाली बसले. "आज सर्दी शे हो नाना, उद्या घेतो." नाना म्हणाले, "तो बिचारा उद्यापर्यंत थांबला का?" शेठ काष्टा-टोपीसकट नळाखाली बसले, आणि पुढे आठ दिवस प्रत्येक गिऱ्हाइकाच्या अंगावर शिंकत कापड मोजत होते.

आबांची तऱ्हाच निराळी. एका म्हाताऱ्या नटाच्या निधनाची कुजबुज स्टेशनवर ऐकली, आणि पेपरची वाट न बघता गडी नळाखाली! दुसऱ्या दिवशी पेपरात तोच नट कुठल्याशा दुकानाची फीत कापताना. फोटोत दात काढून हसतोय. आबा त्या फोटोवर असे खवळले, की विचारू नका. "मी याच्यासाठी पाणी घेतलं डोक्यावरून! याला काही लाज शे का?" नानांनी मात्र तो फोटो कापून खिशात ठेवला. म्हणाले, "आबा, आता हा नव्वदी गाठतो बघा. तुम्ही मोठं पुण्य केलं."

मला तेव्हाच शंका यायला हवी होती. कारण एवढी वर्षं नाना एकदाही जिंकले नव्हते. त्यांच्या यादीत कोण असायचं? कालपरवा सिनेमात आलेली, गालाला खळी पाडून हसणारी नटी. चेंडू दोरीपार भिरकावणारा तरणाबांड खेळाडू. रोज दोनशे जोर काढणारा पैलवान. आम्ही खोकणारे, काठीवाले निवडायचो आणि नाना फुललेले. एका पाडव्याला मी चिडलोच. म्हटलं, "नाना, हा पैलवान मरणार? हा आपल्या चौघांना खांदा देईल!"

नाना गालात हसले. "मास्तर, ऑफिसात मयताच्या तारा दोन प्रकारच्या. एक खऱ्या. दुसऱ्या कावळ्याच्या."

कावळा माणसाच्या डोक्याला शिवला तर तो अपशकुन. त्यावर आमच्याकडे उतारा एकच. तो माणूस मेल्याची खोटी खबर लांबच्या नातलगांना धाडायची. तिकडे ते रडले की मरण टळलं. मग दुसऱ्या दिवशी खरं काय ते कळवायचं. नाना म्हणाले, "खिडकीशी येऊन 'वडील वारले' असा मजकूर देणारा पान चघळत असला, की मी ओळखायचो, कावळ्याची शे. आणि सांगतो मास्तर, त्या कावळ्याच्या तारांतली बठ्ठी, अगदी सगळी माणसं ऐंशीच्या पुढे गेली. आपण मेला म्हटलं की माणूस टिकतो. मग चांगली चांगली माणसं मी टिकवून ठेवतो. तुमचं काय जातं?"

आम्ही ज्यांचं मरण मांडून बसलो होतो, त्यांच्या बाजूला बसून हा गृहस्थ वर्षानुवर्षं आयुष्य वाटत होता! मला त्या दिवशी माझी यादी लपवावीशी वाटली. पण नानांना असलं बोलून दाखवायची सोय नव्हती, त्यांनी लगेच "पुढची तार!" म्हणून विषय मोडला असता.

आणि मग एका पौषात, दुपारच्या उन्हात आम्ही ओट्यावर बसलेलो असताना, कावळा आला आणि नानांच्याच टकलाला पंजे लावून गेला.

आम्ही हसलो. शेठ म्हणाले, "नाना, तुमचा नंबर लागला!" नानाही हसले, टक्कल चोळलं आणि जरा लवकर उठून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मी त्यांच्या खोलीवर गेलो. नाना चटईवर बसले होते. पुढ्यात तारेचा कागद. मजकूर सुंदर अक्षरात लिहून तयार, 'नाना वारले. लवकर या.' वरची पत्त्याची जागा कोरी.

"नाना, हे काय?"

"मजकूर तयार शे मास्तर," ते म्हणाले. "पत्ता नाही."

मी म्हटलं, शेठना करू, आबांना करू. नानांनी मान हलवली. "रडणारं माणूस पाहिजे. कोणी रडलं नाही तर तार वाया. शेठ काय रडणार? भरताची वांगी आणतील." हसण्याचा प्रयत्न केला त्यांनी, पण जमलं नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या रडण्याचा हमाल झालेल्या या माणसाला आपल्यासाठी रडणारं एक माणूस सापडत नव्हतं, आणि तीन दिवस तो तेच शोधत बसला होता. मरणाला नाना भीत नव्हते. मरण कळवायला कोणी नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं.

खूप खोदून विचारल्यावर बोलले. चोपड्याला सख्खी थोरली बहीण, अक्का. सोळा वर्षं बोलणं नव्हतं. वडील गेल्याची गावाकडून आलेली तार नानांनी स्वतःच मशीनवर घेतली होती. अक्काला कळवणं त्यांच्याच हातात. पण आधीच्या सहा तारा रांगेत होत्या. घरची सातवी. नानांनी लोकांच्या सहा तारा आधी पाठवल्या, मग आपली. अक्का पोचली तेव्हा सगळं आटोपलेलं. तिने भावाला एवढंच सुनावलं होतं, "तुन्या रांगेपायी मले बापाचं तोंड दिसनं नाही." तेव्हापासून नाना चोपड्याकडची केळीसुद्धा खात नव्हते.

"त्या सहांमध्ये दोन कावळ्याच्या होत्या मास्तर," नाना म्हणाले. "मला ठाऊक होतं. तरी रांग ती रांग."

मी कागद उचलला आणि तडक तार ऑफिस गाठलं. खिडकीत नानांच्या हाताखाली तयार झालेला जाधव. पत्ता मीच घातला होता. जाधवने मजकूर वाचला आणि पांढरा पडला.

"कावळ्याची आहे," मी म्हटलं.

त्याने श्वास सोडला. पुढ्यात आठ-दहा तारांची चळत होती. त्याने ती बाजूला सारली. "जन्मात एकदा नानांची तार रांग मोडून जाऊ द्या," म्हणाला, आणि लागला कट्ट-कडकट्ट करायला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी, शेठ आणि आबा नानांच्या खोलीपुढे चहा घेत बसलो होतो. तार कोणाला गेली, ते नानांना सांगितलेलं नव्हतं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हंबरडा उठला. "नान्या रे! मना भाऊ गया रे!" एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची म्हातारी छाती पिटत येत होती. नानांच्या हातातली बशी तशीच राहिली. अक्का दारात आली, समोर भाऊ बशीने चहा पीत बसलेला बघितला आणि तिचा आवाज बंद झाला.

"जित्ता शे? मी तठे गल्लीभर रडनू, आन तू आठे चहा पी राहिना?"

मग तिने नानांच्या पाठीत असा धपाटा घातला, की आबाच दचकले. एक घातला, दुसरा घातला, आणि तिसऱ्याला गळ्यातच पडली. दोघंही पोरांसारखी रडली. शेठ टोपी काढून डोळे पुसत होते. नानांची बोटं अक्काच्या पाठीवर वाजत होती. नंतर मी विचारलं, काय वाजवलंत? म्हणाले, "दुसरं काय? पोच."

पुढच्या पाडव्याला आम्ही तिघांनी यादीत पहिलं नाव लिहिलं ते नानांचं. नानांनी ते खोडायला पेन काढलं. "नियम शे. पहिल्या पानावर येणारा माणूस पाहिजे." शेठ म्हणाले, "चोपड्याहून अख्ख्या गल्लीला रडवत बाई आली. पहिलं पान गेलं खड्ड्यात!" नानांनी टोपण लावलं. "बरं, लिहा बाबांनो. तिघं लिहा. तिप्पट टिकेन."

आणि गंमत बघा, त्यानंतर दर पौषात नानांना कावळा शिवू लागला. आमच्यापैकी कोणी तो कावळा पाहिला नाही. नाना टक्कल चोळत येत, "शिवला हो," म्हणत, आणि मी तार करून येई. अक्काला काय कळत नव्हतं? दुसऱ्या वर्षी ती रडली नाही, पुरणाच्या मांड्यांचा डबा घेऊन हसत उतरली. तार मिळाली की चोपड्याला चूल पेटायची. आठ दिवस राहून, भावाला खाऊ घालून, शिव्या घालून ती परत जाई. असं सहा वर्षं चाललं.

सातव्या वर्षी पौष जवळ आला होता. नाना सकाळी उठले नाहीत. झोपेतच गेले, कोणाला त्रास न देता. हात चटईबाहेर फरशीवर आलेला होता.

मी तार ऑफिसात गेलो. जाधवने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि यावेळी कावळ्याचं विचारलं नाही. लिहिता लिहिता म्हणाला, "मास्तर, मजकूर तोच आहे. 'खरोखर' असा एक शब्द घालू का?"

मी म्हटलं, "नको. चोपड्याहून यायचा रस्ता दोन तासांचा. तेवढा तरी तिला सुखाने येऊ दे. मात्र रांग मोडून पाठव. ती आल्याशिवाय आम्ही उचलणार नाही."

मग आम्ही तिघं वाचनालयाच्या नळावर गेलो. नियम तो नियम. यंदाच्याही यादीतलं पहिलं नाव, नानांचं, लागलं होतं, तिघंही जिंकलो होतो. मी तर जन्मात पहिल्यांदा. एकेक जण कपड्यांनिशी नळाखाली बसला, आणि तसेच निथळत आम्ही एस.टी. स्टँडवर गेलो.

चोपड्याची गाडी लागली. अक्का सावकाश पायऱ्या उतरली, एका हाताने डबा सांभाळत. आम्हाला बघून लांबूनच हसली.

"काय मास्तर, यंदा लवकर? तुमना नानाले कावया शिवना का परत?"

अक्का जवळ आली. तिने माझ्या केसांकडे बघितलं, मग शेठकडे, मग आबांकडे. नानांनी आठ-आठ दिवस बसवून तिला खेळाचे बठ्ठे नियम सांगितले होते. तिच्या हातातला डबा हळूच खाली, स्टँडच्या फरशीवर टेकला.

ती रडली नाही. पदराचं टोक घेऊन तिने माझं डोकं पुसायला घेतलं.

"पुस रे डोकं," म्हणाली. "थंडी शे."